दोन संघांची लीग



फुटबॉल म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? लाखभर माणसांनी खच्चून भरलेले मैदान, दिव्यांचा लखलखाट, आणि कोट्यवधींच्या करारावर खेळणारे खेळाडू. आज खेड्यातल्या पोराच्या सदऱ्यावरही मेस्सीचे नाव असते. त्यात वावगे काही नाही. थोरामोठ्यांचा खेळ पाहावा, त्यातून शिकावे. पण मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांची नावे आपण क्वचितच ऐकली असतील. मला नाद आहे तो जगातल्या धाकट्या लीगचा. जिथे सामना पाहायला दोनशे माणसे जमली तर गर्दी झाली म्हणतात, आणि जिथला गोलरक्षक सोमवारी सकाळी आपल्या कामावर हजर असतो, अशा लीगचा.

लीग म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. आपल्या जत्रेत कुस्त्या होतात, तिथे हरला तो बाद. याला बाद पद्धत म्हणतात. लीगमध्ये तसे नसते. तिथे प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी खेळतो. जिंकला तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरला तर शून्य. हंगाम संपला की गुणांची बेरीज करायची, ज्याची जास्त तो विजेता. मराठीत याला साखळी स्पर्धा म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. साखळीची एक कडी तुटली तर साखळीच राहत नाही.

आता आपण म्हणाल, कुठल्या लांबच्या बेटावर कोण जिंकले नि कोण हरले, याच्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे, तो असा. मोठ्या लीगमध्ये एक गोष्ट झाकलेली असते, ती धाकट्या लीगमध्ये उघडी दिसते. ती म्हणजे, खेळाला आपला संघ जितका लागतो, तितकाच समोरचा संघ लागतो. एका हाताने टाळी वाजत नाही, हे आपण सासू-सुनेच्या भांडणात सांगतो. फुटबॉलमध्येही ते तितकेच खरे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे. आता चार ठिकाणची उदाहरणे देऊन ते पटवून देतो.

पहिले ठिकाण सिली बेटांचे. इंग्लंडचे नैर्ऋत्येकडचे शेवटचे टोक आहे, तिथून समुद्रात सुमारे ४५ किलोमीटरवर ही बेटे आहेत. माणसे राहतात ती पाच बेटांवर, आणि सगळी मिळून वस्ती दोन हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचे एक मध्यम गाव. या गावाएवढ्या वस्तीची स्वतःची फुटबॉल लीग आहे, आणि त्या लीगमध्ये संघ आहेत फक्त दोन. एकाचे नाव गॅरिसन गनर्स, दुसऱ्याचे वूलपॅक वाँडरर्स. जगातली सर्वांत लहान लीग म्हणून तिची ख्याती आहे.

हसू येते ना? पण पाहा, हे दोन संघ सेंट मेरीज नावाच्या बेटावर, एकाच मैदानावर, हिवाळ्यात रविवारी रविवारी एकमेकांशी खेळतात. एका हंगामात पंधरा-वीस वेळा तेच ते प्रतिस्पर्धी. लीग संपली की कपाचे सामने. त्यांतही हेच दोघे. कपाच्या अंतिम सामन्यात कोण पोहोचणार, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही! २००८ साली एका क्रीडासाहित्याच्या कंपनीने या दोन संघांना घेऊन जाहिरात केली, आणि त्या जाहिरातीत डेव्हिड बेकहॅमसारखे जगप्रसिद्ध खेळाडू होते. चार दिवस जगाने कौतुक केले. मग जग आपल्या कामाला लागले, आणि ही माणसे आपल्या रविवारच्या सामन्याला.

पूर्वी असे नव्हते. १९२०च्या सुमारास तिथे बेटाविरुद्ध बेट असे सामने होत. पुढे लहान बेटांवर अकरा खेळाडू मिळेनात. १९५०च्या दशकापासून दोनच संघ उरले. तेव्हा त्यांची नावे निराळी होती. आजची नावे १९८४ सालापासूनची. मग एवढी वर्षे ही दोन संघांची लीग टिकली कशी? त्यांच्या एका साध्या रिवाजाकडे लक्ष द्या. हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन्ही कर्णधार एकत्र बसतात, आणि गावात जेवढे खेळाडू असतील तेवढे आळीपाळीने वाटून घेतात. एक तू घे, एक मी घेतो. आपल्याकडे मुले विटीदांडूला किंवा लगोरीला गडी वाटून घेतात, तसेच. म्हणजे गेल्या वर्षी जो आपल्या बाजूने खेळला, तो यंदा समोर उभा असेल.

असे का करतात? कारण त्यांना हिशेब कळला आहे. समजा एका कर्णधाराने सगळे चांगले गडी आपल्याकडे ओढले. तो पहिला सामना आठ गोलांनी जिंकेल, दुसरा दहा गोलांनी जिंकेल, आणि तिसऱ्या रविवारी समोर कुणी येणारच नाही. मग त्या चांगल्या गड्यांनी खेळायचे कुणाशी? समुद्र खवळलेला, इंग्लंडच्या किनाऱ्यावर दर आठवड्याला जाणे परवडणारे नाही. तेव्हा समोरचा संघ बळकट ठेवणे हे तिथे औदार्य नाही. ती गरज आहे.

आता तिथून उत्तरेकडे चला. स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्यामध्ये फॅरो बेटे आहेत. एकूण १८ बेटे, डेन्मार्कच्या राज्यात मोडणारी, पण स्वतःचा कारभार पाहणारी. वस्ती सुमारे पंचावन्न हजार; आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाइतकी. उतरत्या डोंगरकडा, सोसाट्याचा वारा, पाऊस, आणि मुख्य धंदा मासेमारीचा. इथे १९४२ सालापासून लीग चालते. पहिल्या वर्षी क्लाक्सविक गावचा संघ जिंकला. पण १९४४ साली विजेत्याचे नावच नाही. त्या वर्षी स्पर्धाच झाली नाही. कारण ऐकाल तर नवल वाटेल. महायुद्ध चालू होते, बेटांवर ब्रिटिश फौज होती, आणि बाहेरून चेंडू मिळेनात. खेळाडू होते, मैदान होते, हौस होती, चेंडू नव्हता. धाकट्या लीगचा नाद लागला की असल्या गोष्टी कळतात. ज्याला आपण गृहीत धरतो, तो साधा चेंडूही कुणीतरी आणून दिलेला असतो.

याच बेटांची दुसरी हकीकत १९९० सालची. त्यांच्या देशाच्या संघाला युरोपच्या स्पर्धेत पहिल्यांदा प्रवेश मिळाला होता. पहिला सामना ऑस्ट्रियाशी. सामना घरचा, पण घरी हिरवळीचे मैदान नाही! सगळीकडे खडक, जी मैदाने होती ती कृत्रिम. म्हणून घरचा सामना स्वीडनमधल्या लँड्सक्रोना गावी खेळावा लागला. १२ सप्टेंबर १९९० रोजी तो झाला. ऑस्ट्रियाचा संघ त्याच वर्षी विश्वचषक खेळून आलेला. इकडे गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसेन, हा मासळीच्या कारखान्यात माल उचलणारे यंत्र चालवी. लहानपणी डोक्याला मार लागल्यामुळे तो गोंड्याची लोकरी टोपी घालून खेळे. गोल केला तो टोर्किल निल्सेनने. तो लाकूड विक्रीच्या धंद्यात होता. फॅरोने १ विरुद्ध ० असा सामना जिंकला. पुढे त्यांनी टोफ्टिर गावी खडक फोडून हिरवळीचे मैदान तयार केले. एका सामन्याने मैदान मिळवून दिले म्हणा ना!

पण मला त्या विजयापेक्षा महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या गावोगावचे शहाणपण. लहान गाव, लहान क्लब. तरुण राजधानीला, टोर्शहाव्हनला निघून जातात. शिकायला डेन्मार्कला जातात. अकरा गडी जमवणे कठीण होते. अशा वेळी काय करावे? शेजारच्या गावाशी तर पिढ्यान्पिढ्यांची चुरस. गोटा आणि लेरविक ही शेजारशेजारची दोन गावे. गोट्याचा संघ तर अनेकदा देशाचा विजेता झालेला. या दोन्ही गावांचे क्लब २००८ साली एक झाले आणि ‘व्हिकिंगुर’ हा नवा क्लब उभा राहिला. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने लीग जिंकली. त्याआधी १९९३ साली आणखी दोन शेजारी क्लब असेच एकत्र आले होते. आपल्या गावचे नाव पुसून शेजाऱ्याशी एक होणे सोपे नसते. ग्रामपंचायतीचे विलीनीकरण निघाले तर आपल्याकडे काय होते, ते आपण जाणताच. त्या माणसांनाही ते कठीण गेले असणार. पण दोन मोडके संघ ठेवून साखळी तोडण्यापेक्षा एक धड संघ उभा करून ती जोडून ठेवणे त्यांनी पसंत केले.

आणि या लीगमधून काय निपजू शकते, तेही ऐका. क्लाक्सविक हे पाचेक हजार वस्तीचे मासेमारी बंदर. तिथला क्लब १९०४ सालचा. २०२३ साली या क्लबने हंगेरीचा विजेता फेरेन्त्सव्हारोश याला बुडापेस्टमध्ये जाऊन ३ विरुद्ध ० असे हरवले. त्याच वर्षी तो युरोपीय स्पर्धेच्या गटसाखळीत पोहोचला. फॅरोच्या कोणत्याही क्लबला तोवर हे जमले नव्हते. तिथे त्याने फ्रान्सच्या लिलशी घरी बरोबरी केली. आपल्या गावाच्या कितीतरी पट मोठ्या शहरांशी हा संघ भिडला. ती ताकद आली कुठून? दर रविवारी, वाऱ्यापावसात, शेजारच्या बेटावरच्या संघांशी झुंजून आली. त्या शेजारच्या संघांची नावे बुडापेस्टच्या वर्तमानपत्रात आली नसतील. त्या विजयात त्यांचा वाटा होताच.

युरोपच्या फुटबॉल संघटनेलाही हे ठाऊक आहे. आपल्या मोठ्या स्पर्धांच्या उत्पन्नातला काही भाग ती त्या स्पर्धांत न पोहोचलेल्या क्लबांनाही वाटते. जिंकणाऱ्यालाच सगळे पैसे दिले, तर तो दरवर्षी अधिक श्रीमंत होणार, बाकीचे अधिक गरीब, आणि लीग एकतर्फी होणार. वाटणी पुरेशी आहे की नाही यावर वाद आहेत. पण तत्त्व तेच आहे, जे सिली बेटांवरचे दोन कर्णधार गडी वाटताना पाळतात.

समोरचा संघच मिळाला नाही तर काय होते, हे पाहायचे असेल तर ग्रीनलंडकडे वळा. नकाशात हे बेट अवाढव्य दिसते. ते जगातले सर्वांत मोठे बेट आहेच. वस्ती मात्र सुमारे छप्पन्न-सत्तावन्न हजार. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. जायचे ते बोटीने किंवा विमानाने. तेव्हा दर आठवड्याला सामना खेळणे शक्यच नाही. म्हणून तिथे आधी भागाभागांत निवड होते, आणि मग उन्हाळ्यात, साधारण ऑगस्टमध्ये, निवडक संघ एका गावी जमतात. तिथे रोज सामने खेळून सुमारे आठवडाभरात देशाचा विजेता ठरवून मोकळे होतात. वर्षभर सराव आणि आठ दिवसांची लीग! क्लबांची नावेही मजेची. बी-६७, एन-४८, जी-४४. हे आकडे म्हणजे क्लबाच्या स्थापनेची वर्षे. बी-६७ हा राजधानी नूकचा, १९६७ सालचा.

घरात खेळतात, पण बाहेर कुणाशी खेळणार? ग्रीनलंड हे जागतिक फुटबॉल संघटनेचे सभासद नाही. २०२४ साली त्यांनी उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या संघटनेकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. जून २०२५ मध्ये त्या संघटनेने तो एकमताने फेटाळला. म्हणजे खेळाडू आहेत, मैदान आहे, चेंडू आहे; नाही तो समोर उभा राहणारा. फॅरोला १९९० साली जे दार उघडले, ते ग्रीनलंडला अद्याप उघडलेले नाही. या दोन देशांची वस्ती जवळजवळ सारखी. एकाच राज्यातली ही भावंडे. फरक पडला तो प्रतिस्पर्धी मिळण्या-न मिळण्याचा.

आता एवढे लांब हिंडून आलो, तर घरचेही एक ठिकाण पाहू. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. कोल्हापूर म्हटले की कुस्ती आठवते, आणि आठवावीच. पण त्याच कोल्हापूरच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, हे बाहेरच्या पुष्कळांना ठाऊक नसते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या संघांची नावे. एकेका पेठेचा एकेक संघ. शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग चालते, आणि सामन्याला हजारोंनी माणसे जमतात. इथल्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. देशातल्या मोठ्या शहरांना हेवा वाटावा अशी ही फुटबॉलची ओढ आहे.

ओढ आहे तिथे ईर्ष्याही आहे. पेठेपेठेची चुरस कधी कधी हद्द ओलांडते, मैदानाबाहेर हाणामारी होते, सामने थांबवावे लागतात. तेव्हा फार वाईट वाटते. ज्याच्याशी भांडतो, त्याच्यामुळेच आपल्या विजयाला किंमत आली आहे, हे त्या घटकेला विसरले जाते. सिलीतले खेळाडू दर रविवारी त्याच माणसांशी खेळतात, आणि सोमवारी त्यांच्याच दुकानात सामान आणायला जातात. तिथे भांडण परवडत नाही. खरे म्हणजे ते कुठेच परवडत नाही. मोठ्या गावात ते उशिरा कळते, एवढेच.

तर श्रोतेहो, हा नाद आपल्याला लावून घ्यायचा असेल तर कसा लावावा? फार काही लागत नाही. जगातली एखादी धाकटी लीग निवडा. नकाशा काढा, ते ठिकाण शोधा. त्या लीगमधला एक संघ आपला माना. आता मोबाइलवर निकाल मिळतात, काही सामने पाहायलाही मिळतात. फॅरोची लीग उन्हाळ्यात चालते. तिकडे दुपारचे तीन वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. म्हणजे गुरांना वैरण टाकून, हातपाय धुऊन निवांत पाहता येते! एक वही ठेवा. दर आठवड्याला गुणतक्ता स्वतःच्या हाताने लिहा. आणि एक गोष्ट करा: आपल्या संघाइतकीच तळाच्या संघाची चौकशी ठेवा. तो टिकला का? त्याला गडी मिळाले का? लीगची प्रकृती डोक्याकडून नव्हे, पायाकडून तपासायची असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याला तर यात पुष्कळ सामग्री आहे. बेटांचा भूगोल आहे, अक्षांश-रेखांश आहेत, वेळेतला फरक आहे. सहा संघ प्रत्येकाशी दोनदा खेळले तर एकूण सामने किती, हे गणित मुलांना घालून पाहा. उत्तर ३० येते. पण ते काढताना मुले आनंदाने डोके खाजवतील. गणिताच्या तासाला कंटाळणारा मुलगाही गुणतक्ता बिनचूक मांडतो.

आणि वहीपुरते थांबू नका. शाळेत तीस मुलेमुली असतील तरी लीग होते. दोन संघ पुरतात, हे आता आपल्याला ठाऊक आहे. एक चेंडू, चार खांब, एक शिट्टी. फक्त गडी वाटताना आळीपाळीने वाटा. चांगली मुले एकीकडे आणि कच्ची दुसरीकडे, असे होऊ देऊ नका. महिन्याने पुन्हा वाटा. एखादा संघ सारखा हरत असेल, तर त्याला हिणवणाऱ्या मुलांना जवळ बोलावून एकच प्रश्न विचारा, “बाळांनो, पुढच्या शनिवारी ते आले नाहीत, तर तुम्ही कुणाशी खेळणार?” उत्तर त्यांना सुचेल. आणि शेजारच्या गावच्या शाळेत मुले कमी झाली असतील, तिथे संघ उभा राहत नसेल, तर आपल्यातले तीन-चार गडी त्यांच्याकडून खेळायला द्या. आपला संघ थोडा दुबळा होईल, पण सामना होईल.

कोणाचा संघ मोठा, हे गुणतक्ता सांगतो. सामना पुढच्या आठवड्यात होणार की नाही, हे मात्र समोरच्या अकरा जणांवर अवलंबून असते. त्यांना सांभाळा.